बांधावरचा ग्रॅव्हल रूट: माझ्याच एका फाइलची झाडाझडती

दर सहा महिन्यांनी आम्हा पीएच.डी.वाल्यांना संशोधन सल्लागार समितीसमोर उभं राहावं लागतं. तुमच्यापैकी जे पेटची तयारी करताय त्यांच्या वाट्याला हा प्रसंग अजून यायचाय. मागच्या खेपेला मी तिसऱ्या प्रकरणाचा कच्चा मसुदा घेऊन गेले होते. रंगीत नकाशे, तक्ते, सगळं जागच्या जागी. समितीतल्या एका सरांनी नकाशावरच्या एका हिरव्या रेघेवर बोट ठेवलं आणि विचारलं, “ही वाट जुलैत कुठे असते?”

मला उत्तर देता आलं नाही. जुलैत मी तिथे गेलेच नव्हते.

ती रेघ म्हणजे सायकलचा एक ‘ग्रॅव्हल रूट’. अंबरनाथहून निघून बदलापूरमार्गे उल्हास नदीच्या बाजूबाजूने वांगणीपर्यंत आणि परत, असा चाळीसेक किलोमीटरचा. फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी स्वतः तो चालवला, फोनवर नोंदवला, मित्रमंडळींना पाठवला आणि पुढे इतरांच्या अशाच नोंदींच्या आधारावर अख्खं प्रकरण उभं केलं. आज त्या फाइलची समीक्षा करायची आहे. समीक्षा हा शब्द मुद्दाम वापरतेय. कादंबरीबद्दल आपण विचारतो की सांगणारा कोण, कोणासाठी सांगतोय, काय गाळतोय. ब्रिटिश भूगोलज्ञ जे. बी. हार्ली यांनी १९८९ मध्ये नकाशाही असाच मजकूर म्हणून वाचावा, असं मांडलं होतं. मी ते वाचलं होतं, सिनॉप्सिसमध्ये त्यांचं नावही घातलं होतं. स्वतःच्या फाइलला मात्र ते लावलं नव्हतं. तुम्ही उद्या कुठलाही तयार डेटा उचलाल तेव्हा ही चूक टळावी, म्हणून हा लेख.

रेघ आली कुठून

आधी जागा समजून घ्या. उल्हास नदी सह्याद्रीत राजमाचीच्या परिसरात उगम पावते, कर्जत, नेरळ, वांगणी करत बदलापूरला येते आणि पुढे कल्याणकडे खाडीला मिळायला जाते. एका बाजूला माथेरानची रांग, पण खोऱ्याचा तळ रुंद आणि सपाट. तळाला भाताची खाचरं, मधूनमधून ओढे, वीटभट्ट्या, आणि सगळ्याच्या बाजूने रेल्वे. उल्हासनगरहून लोकलने वांगणीच्या दिशेने जा, म्हणजे शहर वाढण्याच्या पायऱ्या ओळीने दिसतात. उल्हासनगर ही दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये गावाला हे नाव मिळालं. आता तिथे खाचर शोधावं लागतं. अंबरनाथला कारखाने आणि इमारतींच्या फटीत थोडं शिवार उरलंय. बदलापूरला इमारतीची संरक्षक भिंत आणि खाचराचा बांध एकमेकांना टेकलेले असतात. वांगणीकडे अजून शेत पुढे आणि इमारत मागे.

माझा प्रश्न होता, शहर असं सरकत येताना गावांमधल्या जुन्या वाटांचं काय होतं? प्रश्न चांगला आहे, अजूनही तोच आहे. पद्धत मात्र मी आळसाने निवडली. कल्याण-डोंबिवलीकडचे सायकलवाले शनिवार-रविवारी इथे येतात. बारवी धरणाचा रस्ता, कोंडेश्वर, मुळगाव ही नेहमीची ठिकाणं. हल्ली जाड टायरच्या ग्रॅव्हल सायकली आल्यापासून ते डांबर सोडून आतल्या कच्च्या वाटांवरही घुसतात. त्यांच्या फेऱ्या ॲपवर चढतात आणि अशा असंख्य फेऱ्या एकावर एक ठेवून ‘हीटमॅप’ तयार होतो: जिथे जास्त लोक गेले तिथे रेघ उजळ, जिथे कमी तिथे फिकी. मी खुल्या नकाशातून, म्हणजे ओपनस्ट्रीटमॅपवरून, सगळ्या कच्च्या वाटा काढल्या, हीटमॅपवर ठेवल्या आणि दोन ढीग केले. उजळ त्या ‘वापरात’, काळोख्या त्या ‘वापराबाहेर’.

किती सोपं! खुर्चीतून उठावंसुद्धा लागलं नाही.

‘ग्रॅव्हल’ म्हणजे नक्की काय

पहिली गडबड शब्दातच आहे. ग्रॅव्हल सायकलिंगची आजची लाट मुख्यतः अमेरिकेतून आली. कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावात २००६ मध्ये सुरू झालेली लांब पल्ल्याची शर्यत, जिला २०२० पासून ‘अनबाउंड’ म्हणतात, ही त्यातली सगळ्यात नावाजलेली. २०२२ मध्ये इटलीत या प्रकाराची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धाही झाली. कॅन्ससमध्ये ‘ग्रॅव्हल रोड’ हा खराखुरा सार्वजनिक रस्ता असतो. खडी पसरलेला, स्थानिक प्रशासनाने राखलेला, शेतकऱ्याचा ट्रक त्याच्यावरूनच जातो. त्यावरून सायकल नेली तर कुणाचं काही बिघडत नाही.

आता माझी फाइल बघा. तिच्यात ‘ग्रॅव्हल’ या एकाच खणात मी काय काय भरलं होतं? रेल्वेमार्गालगतची खडीची वाट. वीटभट्टीच्या ट्रकांनी मुरूम दाबून केलेला रस्ता. नव्या गृहप्रकल्पासाठी टाकलेला भराव. गावातून शिवारात जाणारी गाडीवाट. आणि दोन खाचरांमधला बांध. खुल्या नकाशात पृष्ठभाग नोंदवायची सोय बऱ्यापैकी बारीक आहे. खडी, मुरूम, माती, चिखल असे वेगवेगळे प्रकार आहेत, शिवाय वाट किती घट्ट आहे त्याच्या एक ते पाच श्रेणी आहेत; एक म्हणजे टणक, पाच म्हणजे मऊ माती. पण ही सगळी नोंद चाकाच्या बाजूने केलेली आहे. वाट चाकाला कशी लागते, एवढंच ती सांगते.

गावात कुणाला विचारा, तो वाट अशी सांगत नाही. वाट कुणाची, कशासाठी आणि कधीची, हे सांगतो. भूमी अभिलेखाच्या गावनकाशातही गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने वेगळे दाखवलेले असतात. त्या रेषांमागे हक्क आहे. बांधावरून जाण्याचा हक्क महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ मध्ये येतो. वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. माझ्या वर्गवारीत भरावाचा तात्पुरता रस्ता आणि पिढ्यान् पिढ्यांची गाडीवाट एकाच रंगाच्या होत्या. पहिला वर्षभरात सोसायटीच्या फाटकाआड जाणार आणि दुसरी वाचवण्यासाठी कायदा आहे, हा फरक माझ्या नकाशातून गायब झाला होता. आणि माझा प्रश्न तर नेमका त्याच फरकाबद्दल होता!

‘सपाट’ या शब्दावर किती विसंबायचं

फाइलसोबत मी एक चढ-उताराचा आलेखही दिला होता. खाली लिहिलं होतं, “जवळजवळ पूर्ण सपाट, नवशिक्यांना सोपा.” ही उंची येते कुठून, याचा तुम्ही कधी विचार केलाय? अनेक ॲप आणि संकेतस्थळं उपग्रही किंवा अवकाशयानातून केलेल्या मोजणीवर चालतात. त्यातली सर्वांत जास्त वापरली गेलेली मोजणी म्हणजे फेब्रुवारी २००० मधली स्पेस शटलची रडार मोहीम, एसआरटीएम. अकरा दिवसांत तिने पृथ्वीचा बहुतांश भूभाग मोजला. काम अफाटच आहे. पण तिची ठरवलेली अचूकता होती उंचीत १६ मीटरपर्यंतची चूक चालेल अशी. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी ती त्यापेक्षा चांगली निघाली, तरी चूक मीटरांतच राहते. शिवाय ते रडार झाडीच्या आणि छपरांच्या वरच्या थराची उंचीही जमिनीत मिसळतं.

माथेरान चढायचा असेल तर चार-पाच मीटरने काही बिघडत नाही. भातखाचरांच्या तळात मात्र एक मीटर म्हणजे सगळं काही. वाट पाण्याखाली जाणार की वर राहणार, हे तिथे फुटाफुटावर ठरतं. म्हणजे माझ्या आलेखात जी बारीक दातेरी चढउतार दिसत होती ती बरीचशी मोजणीची थरथर होती, आणि जो खरा चढउतार महत्त्वाचा होता, खाचर आणि बांध यांच्यातला, तो त्यात येऊच शकत नव्हता. आडव्या अंतराचंही तेच. मोकळ्या आकाशाखाली फोनचं जीपीएस पाचेक मीटर इकडेतिकडे होतं. बांध असतो फूट-दोन फूट रुंद. मी बांधावरून गेले की खाचरातून, हे माझी फाइल सांगूच शकत नाही.

सपाटीचं दुसरं नाव पूरमैदान आहे, हेही मी विसरले होते. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, हे तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. हजाराहून जास्त प्रवाशांना बोटींनी आणि दोरांनी बाहेर काढावं लागलं. ती गाडी जिथे उभी राहिली त्याच पट्ट्यातून माझा ‘नवशिक्यांना सोपा’ मार्ग जातो. जलसंपदा विभागाच्या पूररेषा दोन असतात: निळी म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीकाठचा कुठलाही मार्ग अभ्यासायचा तर त्याची रेघ आधी या दोन रेघांवर ठेवून बघायला हवी. मी ठेवली नव्हती.

बांध पाणी अडवतो, पण कुठलं?

आता सगळ्यात मोठ्या चुकीकडे येते.

पाणथळ, सपाट ग्रामीण भागातली सायकलिंग म्हटलं की डोळ्यासमोर नेदरलँड्स आणि बेल्जियम येतात. माझ्याही आले. बेल्जियमच्या लिंबुर्ग प्रांतात १९९५ मध्ये सायकलमार्गांना आकड्यांच्या खुणा देऊन एक जाळं केलं गेलं. एका आकड्याकडून दुसऱ्या आकड्याकडे जायचं, बस. ही पद्धत पुढे डच भागातही पसरली. तिकडचे कितीतरी मार्ग पाण्याच्या बांधावरून जातात. मी मसुद्यात एक ऐटदार वाक्य लिहिलं होतं की उल्हासच्या खोऱ्यातही असं बांधांचं जाळं तयारच आहे, फक्त खुणा लावायच्या बाकी आहेत.

त्या वाक्याची आता लाज वाटते. डच बांध पाणी बाहेर ठेवतो. तो उंच, रुंद, सरकारी देखभालीतला असतो. त्याच्यावरून रस्ता नेणं सोयीचंच. आपल्या खाचराचा बांध पाणी आत ठेवतो. आवणीच्या दिवसांत रोपं पाण्यात उभी राहावीत म्हणून शेतकरी तो दरवर्षी चिखलाने लिंपतो, खेकड्यांची बिळं बुजवतो. तो बांध एका घराचा असतो आणि पावसाळ्यात ओला असतो. आपल्याकडे बाहेरचं पाणी अडवणारे बांधही आहेत, खाडीलगतच्या खारभूमीचे. त्यांच्यासाठी १९७९ चा स्वतंत्र कायदाही आहे. पण ते खाडीकाठी, बदलापूर-वांगणीच्या खाचरांत नव्हे. ‘बांध’ हा एकच शब्द दोन्हीकडे वापरून मी दोन उलट गोष्टी एक करून टाकल्या.

सरांच्या प्रश्नानंतर जुलैत मी तिथे गेले. सायकल स्टेशनवर ठेवली आणि चालत गेले. आवणी चालू होती. एके ठिकाणी एक काका फावड्याने बांधाला माती लावत होते. बांधाच्या माथ्यावर टायरची खोल चीर होती. तिच्यातून पाणी वाट काढत खालच्या खाचरात उतरत होतं. मी सहज विचारलं, “काका, हे कशानं झालं?” ते म्हणाले, “सुट्टीच्या दिवशी येतात ना सायकलवाले. ताई, त्यांची सायकल गेली, पण त्याच्याबरोबर माझं पानी पण गेलं.”

ते रागावून बोलले नाहीत, त्यामुळे मला जास्त लागलं. तो टायर माझा नव्हता हे नक्की. मी फेब्रुवारीत गेले होते, तेव्हा बांध विटेसारखा कडक होता. पण ज्या रेघेवरून ते सायकलवाले आले असतील, ती त्यांना कुणी दिली? मी ती फाइल बऱ्याच जणांना पाठवली होती, त्यांनी पुढे पाठवली असेल. फाइलवर महिना लिहिलेला नव्हता. एका महिन्याचं सत्य मी बारा महिन्यांसाठी वाटून टाकलं होतं.

हीटमॅपवर कोण दिसत नाही

याच कामासाठी वापरल्या जाणाऱ्या हीटमॅपची एक प्रसिद्ध गोष्ट आहे. स्ट्राव्हा या ॲपने नोव्हेंबर २०१७ मध्ये जगभरच्या शंभर कोटींहून अधिक नोंदींचा हीटमॅप प्रसिद्ध केला. जानेवारी २०१८ मध्ये नेथन रूझर या ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की युद्धभूमीतल्या वाळवंटात, जिथे बाकी सगळा अंधार आहे, तिथे लष्करी तळांची आखणी उजळून दिसतेय. जगभर गदारोळ झाला, तो गुप्ततेवरून. आपल्याला, संशोधनाच्या विद्यार्थ्यांना, त्यातून दुसरीही एक गोष्ट दिसायला हवी. त्या वाळवंटात माणसं तर होतीच, गावं होती, मेंढपाळ होते. उजेड फक्त ॲप वापरणाऱ्या परदेशी सैनिकांचा होता.

बोस्टन शहरातही असंच काहीसं घडलं होतं. रस्त्यावरचे खड्डे फोनच्या हादऱ्यावरून आपोआप नोंदवणारं एक ॲप तिथे आलं. केट क्रॉफर्ड या अभ्यासिकेने २०१३ मध्ये दाखवून दिलं की ज्या वस्तीत स्मार्टफोन कमी, तिथले खड्डे या पद्धतीत कमी दिसणार. खड्डे कमी असतात म्हणून नव्हे.

हे दोन्ही प्रसंग मला पाठ होते. पेटच्या मुलाखतीत मी बोस्टनचं उदाहरण दिलंही होतं! तरीही माझ्या ‘वापराबाहेर’ ढिगात एक वाट होती, एका कातकरी पाड्यावरून नदीकडे आणि तिथून गावाच्या रस्त्याला लागणारी. हीटमॅपवर पूर्ण काळोख. जुलैत सकाळी सहाला मी तिथे उभी राहिले तेव्हा एकामागून एक बायका डोक्यावर टोपल्या घेऊन येत होत्या. कुणाकडे मासे, कुणाकडे रानभाजी. स्टेशनबाहेर बसायची जागा मिळावी म्हणून घाईत होत्या. त्यातल्या एका मावशींना मी विचारलं, “या वाटेनं रोज जाता?” त्या हसल्या. “मग काय उडून जाऊ?”

हे फक्त माझ्या प्रबंधापुरतं असतं तर एक प्रकरण पुन्हा लिहून भागलं असतं. पण ‘वापराबाहेर’ या शब्दाला बाहेर किंमत आहे. मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली वाट अडवल्यापासून सहा महिन्यांत दाद मागावी लागते. आता भाताचं वर्ष डोळ्यासमोर आणा. कापणी झाल्यावर शिवारातल्या कितीतरी वाटांवर कुणी फिरकत नाही. डिसेंबरात कुणी कुंपण घातलं आणि शेतकऱ्याला ते जूनमध्ये टिलर नेताना आडवं आलं, तर मुदत तेव्हा संपत आलेली असते. अशा भांडणात “एका संशोधनानुसार ही वाट वापरात नाही” एवढं एक वाक्य कुणाच्या हाती लागलं असतं तर? ते वाक्य माझं असतं.

पाणथळ कोण ठरवतं

मसुद्यात मी या सगळ्या पट्ट्याला बिनधास्त ‘पाणथळ प्रदेश’ म्हटलं होतं. मार्गांची वर्णनं लिहिणारेही असंच म्हणतात, कारण फोटोत बगळे येतात. पण हा शब्द वापरताना कुठल्या व्याख्येने, ते सांगावं लागतं. १९७१ च्या रामसर कराराची व्याख्या फार रुंद आहे. नैसर्गिक वा कृत्रिम, कायमची वा तात्पुरती, वाहती वा साचलेली, सगळी पाणथळ. भातखाचरं त्यात येतात. २००८ मध्ये रामसरच्या बैठकीत त्यांच्यावर स्वतंत्र ठरावही झाला. आपल्या शेजारची ठाणे खाडी २०२२ मध्ये रामसर यादीत गेली.

केंद्र सरकारच्या २०१७ च्या पाणथळ नियमांनी मात्र नदीपात्रं, भातखाचरं आणि पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी बांधलेले जलाशय व्याख्येतून वगळले आहेत. आता माझ्या मार्गावर काय होतं? नदी, खाचर आणि फाट्याने गेलं तर धरण. म्हणजे रामसरच्या भाषेत जवळजवळ सगळा मार्ग पाणथळीतून जातो आणि नियमांच्या भाषेत जवळजवळ कुठेच नाही. पहिल्या पावसात वळगणीचे मासे नदीतून ओढ्यात आणि ओढ्यातून खाचरात चढतात, आणि लोक ते तिथे पकडतात. त्यांच्यासाठी हे सगळं एकच सलग पाणी आहे. तीन व्याख्या, तिघांची कारणं वेगळी. मी त्यातली एकही न सांगता शब्द वापरला. “व्याख्या कुठली?” असं व्हायवात विचारलं असतं तर तिथेही गप्प बसायची वेळ आली असती.

मग ही फाइल फेकून द्यायची का?

नाही. समीक्षा म्हणजे नुसती चिरफाड नव्हे. काय जमलंय तेही सांगायला हवं. अशा फाइलमध्ये दोन गोष्टी फार मोलाच्या असतात. एक म्हणजे तारीख आणि वेळ. सरकारी नकाशात वाट ‘आहे’ असं असतं. सायकलवाल्याच्या नोंदीत ती ‘अमुक दिवशी इतक्या वाजता जाता येत होती’ असं असतं. दुसरी म्हणजे माघारी वळलेल्या जागा. फाइल नीट बघितली की काही ठिकाणी रेघ जाते आणि तशीच परत येते. तिथे फाटक असतं, भराव असतो, नाहीतर पाणी. बदलापूरच्या परिसरात वडोदरा-मुंबई द्रुतगती मार्गासारखी मोठी कामं चालू असताना कुठली वाट कधी तुटली, याचा पुरावा अशा परतीच्या रेघांमधून मिळू शकतो. मी त्या जागा ‘चूक’ समजून साफ करून टाकल्या होत्या. माझ्या प्रश्नाचं उत्तर जिथे होतं, नेमकं तेच पुसलं. मूळ नोंद जपून ठेवली होती म्हणून वाचले.

तेव्हा अशा तयार डेटावर काम करणार असाल, तर मी आता जे करतेय ते तुमच्यासाठी थोडक्यात:

१. फाइल कुणी, कशासाठी, कुठल्या महिन्यात केली, हे पहिल्या पानावर लिहा. माहीत नसेल तर “माहीत नाही” असं लिहा.

२. एकच जागा किमान दोन ऋतूंत पायी बघा. भातपट्ट्यात फेब्रुवारी आणि जुलै. पावसाळ्यात ढगांमुळे साधी उपग्रहचित्रं उपयोगी पडत नाहीत; २०१४ पासून सुरू झालेल्या सेंटिनल-१ मालिकेचं रडार ढगांतूनही पाणी दाखवतं आणि चित्रं फुकट मिळतात. पण तिथेही फूटभर रुंद बांध दिसणार नाही. त्याला पायच लागतात.

३. पृष्ठभागाशेजारी आणखी तीन रकाने ठेवा: स्थानिक नाव, वापर आणि हक्क. गावनकाशातल्या तुटक रेषा त्यासाठी आधी बघा.

४. ‘नोंद नाही’ आणि ‘वापर नाही’ यांना कधीही एकच रंग देऊ नका. मी आता पहिल्याला राखाडी ठेवलंय. दुसरा रंग फक्त प्रत्यक्ष उभं राहून, विचारून झाल्यावरच.

५. मूळ फाइल साफ करण्याआधी तिची प्रत काढून ठेवा. हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि मला त्यानेच तारलं.

तिसरं प्रकरण आता नव्याने लिहून झालंय. नकाशा पहिल्यापेक्षा दिसायला वाईट आहे, कारण बराचसा राखाडी आहे. गाईड मॅडम म्हणाल्या, “आता हा बघवत नाही, पण विश्वास बसतो.” मार्गाची फाइल ज्यांना ज्यांना पाठवली होती त्यांना पुन्हा निरोप पाठवला. बांधांवरचे तुकडे काढून टाकलेत, तिथे गाडीवाटेचा थोडा लांबचा वळसा घातलाय आणि वर लिहिलंय की जून ते ऑक्टोबर हा मार्ग बंद. तीन-चार जणांनी कुरकुर केली की वळशामुळे मजा गेली. करोत. जुनी फाइल अजून कुणाकुणाच्या फोनमध्ये असेल, ती काही मला परत घेता येणार नाही.

पुढची समितीची बैठक जुलैच्याच शेवटच्या आठवड्यात आहे. आदल्या रविवारी मी पुन्हा त्या वाटेवर जाऊन येणार आहे, चालत. सरांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला तर या वेळी उत्तर तयार असेल: ही वाट जुलैत पाण्याखाली असते, सर, आणि ते पाणी कुणीतरी मुद्दाम अडवलेलं असतं.